पुलाजवळचे तीन मिलिमीटर

११ जानेवारी, रविवार

जुळलं नाही.

सकाळी तालमीच्या वरच्या हॉलमध्ये दोन्ही टेबलं पहिल्यांदाच शेजारी लावली. माझं कोल्हापूर, विलासचं चंदगड. चंदगडला रेल्वे नाही, आमच्या हयातीत होईल असंही वाटत नाही, म्हणून दोघांनी दोन वर्षं घालवून घरच्या घरी केली. एकास सत्त्याऐंशी मापातली मॉडेल रेल्वे. स्टेशन, यार्ड, गुळाची गोदामं माझ्याकडे. घाट, काजूची झाडं आणि ताम्रपर्णीवरचा पूल त्याच्याकडे. पुलाच्या अलीकडे टेबलं मिळतात आणि दोन लाइनी एकावरून दुसऱ्यावर जातात. जायला हव्यात.

माझं टेबल वर, त्याचं खाली. दहा मिलिमीटर. त्याच्या पायांखाली प्लायचे तुकडे सारले. मग आडवा घोळ. मेन लाइन जुळवली की बाजूची तीन मिलिमीटर सुटते, ती जुळवली की मेन सुटते. इंजिन पुलाच्या तोंडाशीच रुळावरून उतरून बसलं.

वि. म्हणाला, "फरशी उताराची हाय काय बघ की." मी म्हणालो, नाचता येईना अंगण वाकडं. माझी मीटरची पोलादी पट्टी काढली आणि सगळ्यांसमोर दोन्हीकडे लावली. माझ्या टेबलाची उंची बरोबर एक मीटर, त्याच्या टेबलाची कमी. माझ्या लाइनी ठरल्याप्रमाणे कडेपासून पंधरा आणि पंचेचाळीस सेंटीमीटरवर, त्याच्या दोन्ही अलीकडे. तो टेप काढायला लागला तर म्हणालो, ठेव ते, पट्टीपुढं टेप काय बोलणार?

आणि मग ते बोललो. "हात थरथरतोय तुझा, विलास. माप हलणारच की."

तालमीची फुटबॉलवाली मंडळी बघायला आलेली, सगळे ऐकत होते. वि.ने हात खिशात घातले. रेल्वेचं प्रदर्शन याच हॉलमध्ये ७ फेब्रुवारीला आहे.

१२ जाने.

राग उतरत नाही. चौतीस वर्षं फौंड्रीत पॅटर्न मिस्त्री होतो. आधी लाकडाचा नग करायचा, मग त्यावरून साचा, मग लोखंड. अर्धा मिलिमीटर चुकला तर उस्ताद अख्खा नग चुलीत घालायचे. वि. एसटीचा ड्रायव्हर, चंदगड गाडीवर एकतीस वर्षं. घाटातलं वळण न् वळण त्याला पाठ, ते त्याने तसंच्या तसं केलंय, हे मान्य. पण स्टिअरिंग वेगळं आणि करवत वेगळी.

माझ्या टेबलावर गाडी पन्नास फेऱ्या मारते, कुठे अडत नाही. मग चूक कोणाची?

तरी हाताचं बोलायला नको होतं. दिवाळीपासून त्याचा उजवा हात हलतो, हे त्याने फक्त मला सांगितलं होतं. बायकोला, मंगलवहिनींनाही नाही.

१४ जाने. संक्रांत

वि. आला नाही. दरवर्षी सकाळी सातला दारात असतो. दुपारी मंगलवहिनी बावड्याहून रिक्षाने आल्या, तिळगूळ घेऊन.

"शब्बीरभाऊ, काय बोललासा त्यांस्नी? तीन दिस झालं, पानावर बसत्यात आन् उठत्यात. हात बघत बसत्यात नुसतं."

मी म्हणालो, काही नाही, मापाचं जरा. नसीम स्वयंपाकघरातून बघत होती. वहिनी गेल्यावर म्हणाली, "गोड बोला म्हणून गेली बिचारी. ऐकलं का?"

ऐकलं.

१६ जाने. शुक्रवार

वि.चा फोन. आवाज नेहमीचा, जरा जास्तच नेहमीचा.

"नवा टेप आणला. त्यात बी माझं बरोबरच येतंय बघ. पर मलाच नीट धरता येत नसंल. तू मिस्त्री, तुझी पट्टी चुकत न्हाय. पुलाकडचा दीड फूट कापून काढतो, पाय बी बदलतो. रविवारी पट्टी न्यायला येतो. तिनंच मापून करतो सगळं, म्हंजे भांडणच नको."

म्हणालो, ये. मनात आलं, आता शहाणा झालास. खोटं का लिहू, असंच आलं मनात.

तो दीड फूट म्हणजे पूल आणि त्यामागचं वळण. तिथे एकदा धुक्यात समोरून ट्रक आला होता, याने गाडी डोंगराला घासत काढली, बेचाळीस माणसं होती आत. ते वळण करायला त्याला पाच महिने लागले.

१७ जाने. शनिवार

क्रमाने लिहितो.

टेबलाला पुढून ॲक्रिलिकची पट्टी लावायची, बघायला येणाऱ्यांची बोटं आत जाऊ नयेत म्हणून. दुकानदाराला बाराशे मिलिमीटर सांगितलं होतं. घरी आणून लावली तर बारा मिलिमीटर कमी. डोकं फिरलं. परत दुकानात गेलो, चारचौघांत त्याला झापलं. तो शांतपणे म्हणाला, "पावणं, जरा थांबा की," आणि टेप लावला. बाराशे. शेजाऱ्याचा टेप आणला. बाराशे.

घरी येऊन माझी पट्टी रॉकेलच्या फडक्याने घासली. टोकाला बारीक अक्षरं वर आली. 'कास्ट आयर्न, १ टक्का.'

श्रिंकेजची पट्टी. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मिस्त्रीची पट्टी मुळातच लांब असते. तिच्यावरचा एक मीटर म्हणजे खरा एक मीटर आणि वर दहा मिलिमीटर. पेटीत दोन पट्ट्या आहेत, साधी आणि ही. चौतीस वर्षं हीच हातात होती, म्हणून रिटायर झाल्यावरही हात हिच्याकडेच गेला. माझं अख्खं कोल्हापूर शंभराला एक मोठं झालंय. सगळंच मोठं, म्हणून आतल्या आत कुठे अडलं नाही.

वि.चं बरोबर होतं. फळी, पाय, लाइनी, सगळं. थरथरत्या हाताने.

नसीमने विचारलं, पट्टीला काय झालं? म्हणालो, गंज. ती फडक्याकडे बघून आत गेली.

१८ जाने. रविवार

दिली.

नऊला आला. चहा घेतला. मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाला, "कापायच्या आधी बरं वाटत न्हवतं. पर तू सांगितल्यावर काय? सोन्याला कस लावावा, पट्टीला न्हाय."

आणि मला दुसरंच सुचलं. हिनेच मापून केलं तर त्याचंही शंभराला एक मोठं होईल. जुळेल. बरोब्बर जुळेल. कोणाला काही कळायचं नाही, तालमीत माझं नाक राहील, प्रदर्शन होईल. नुकसान काय, एक वळण परत करायचं.

फडक्यात गुंडाळून पट्टी त्याच्या हातात दिली. त्याने दोन्ही हातांनी घेतली.

२० जाने.

काही केलं नाही. दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला.

२३ जाने. शुक्रवार

नमाजनंतर ठरवलं, आज सांगायचंच. स्कूटर काढली आणि थेट बावडा. साखर कारखान्याजवळ उसाच्या गाड्यांची रांग, त्यात अडकलो, तेव्हा बरंच वाटलं. असा माणूस आहे मी.

फाटकात करवतीचा आवाज आला. आत गेलो तर काम झालेलंच होतं. दीड फुटाचा तुकडा जमिनीवर, त्यावर पूल तसाच, काजूची झाडं तशीच. वि. तो उचलून मला दाखवत होता, तुकडा हलत होता, झाडं थरथरत होती.

"बघ, आता तुझ्या पट्टीनं नवा करतो. आठ दिसात करतो."

मंगलवहिनींनी चहा दिला. मी प्यायलो. फळी जड आहे, मदतीला येऊ का म्हणून विचारलं. तो म्हणाला, नको, तू तुझं बघ. परत आलो.

आता सांगून काय, असं आल्यापासून स्वतःला समजावतोय. तुकडा तर कापलाच. पण कापायच्या आधी पाच दिवस होते माझ्याकडे.

२७ जाने.

वि. रोज फोटो पाठवतो. नवा पूल. नवं वळण. पहिल्यासारखं नाही झालेलं, घाईत केलंय, त्यालाही कळतंय. खाली लिहितो, 'चालतंय काय?' मी अंगठा पाठवतो.

१ फेब्रुवारी, रविवार

जुळलं.

तालमीत परत दोन्ही टेबलं लावली. उंची एक, लाइनी एक. इंजिन स्टेशनातून निघालं, सांध्यावर टक् सुद्धा वाजलं नाही, पुलावरून गेलं आणि घाटात शिरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकजण म्हणाला, "मिस्त्री ते मिस्त्रीच." मी मान हलवली. लाज वाटली, पण हलवली.

मग वि. सगळ्यांसमोर बोलला. "प्रदर्शन झालं की माझं सामान शब्बीरकडं. इंजिनं, डबे, सगळं. हात गेला माझा. दीड फुटात एवढं चुकतंय तर आता कशाला लोकांचा खोळंबा?"

जिना उतरताना पट्टी परत दिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "मोटरसायकलची किल्ली बी मंगलकडं देऊन टाकली. रस्त्यावर कुणाला धडकलो तर? तू बोललास ते बरंच केलंस."

एकतीस वर्षांत याने कोंबडीसुद्धा मारली नाही गाडीखाली.

२ फेब्रु.

जेवण गेलं नाही. नसीम म्हणाली, "जे काय हाय ते बोलून टाका की. माझ्याकडं नको, ज्याचं त्याच्याकडं."

तिला कळलंय. केव्हापासून, ते विचारायची हिंमत झाली नाही.

३ फेब्रु. मंगळवार

पट्टी घेऊन गेलो. बसलोही नाही, उभ्या उभ्या सांगितलं. पट्टी श्रिंकेजची. चूक माझी. तुझं माप पहिल्यापासून बरोबर होतं. तुझ्या हातात काही खोट नाही, म्हणजे हलतो, पण चुकत नाही.

वि.ने टेप आणला, पट्टीशेजारी जमिनीवर लावला. वाकून एकेक आकडा ताडून बघितला. मला वाटलं आता मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"पट्टीवर लिहिलंय की हे."

"व्हय. बारीक अक्षर, नजरंलाच आलं न्हाय."

"तुला कधी कळलं?"

आणि मी म्हणालो, "काल."

कसं निघालं तोंडातून? घरून निघताना सगळं खरं सांगायचं म्हणून निघालो होतो. अर्धं सांगितलं आणि उरलेल्या अर्ध्यावर एक शब्द ठेवून दिला.

तो हसायला लागला. आधी हळू, मग खदखदून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "भाड्या, चौतीस वर्षं मिस्त्री! मंगल, ये हिकडं, ऐक ह्याचं!" मला मिठी मारली. कानाशी म्हणाला, "मी रोज सकाळी हात बघायचो रे. आज गेला काय, उद्या जातोय काय."

किल्ली परत घेतली. मला मागे बसवून कारखान्यापर्यंत चक्कर मारली. एकदम सरळ चालवतो.

५ फेब्रु.

वि. तालमीत सगळ्यांना सांगत सुटलाय. मला वाटलं माझी टिंगल करेल. केली, पण शेवट वेगळाच करतो. "दुसरा असता तर गप बसला असता. जुळलंवतं, कुणाला काय कळणार हुतं? पर ह्यो गडी कळल्या कळल्या माझ्या दारात. ह्याला म्हणत्यात दोस्त."

लोक माझ्या पाठीवर थाप मारतात. प्रत्येक थाप लागते.

मंगलवहिनींनी नसीमला फोनवर सगळं सांगितलं. नसीम फोन ठेवून माझ्याजवळ आली. "काल कळलं म्हणालात?" एवढंच. गंज काढताना ती तिथेच होती, तो शनिवार तिला माझ्याइतकाच ठाऊक आहे.

मी म्हणालो, आता ते उकरून काय मिळणार, तो खूश आहे. ती म्हणाली, "तुम्ही?"

७ फेब्रु. शनिवार, सकाळ

हॉल दहाला उघडणार. सात वाजलेत.

काल मांडणी झाली. जुना कापलेला तुकडाही वि.ने आणलाय, टेबलाशेजारी स्टुलावर ठेवलाय. म्हणाला, पुठ्ठ्यावर सगळी हकिकत लिहून लावू, लोकांना मजा वाटेल, आणि शिकायलाही मिळेल. "तुझं अक्षर छान हाय. तूच लिही. कवा मापलं, कवा कापलं, तुला कवा कळलं, समदं तारीखवार. एसटीत लॉगशीट भरायचो तसं."

पहाटेपासून बसलोय. पुठ्ठा पांढरा, अक्षर ठसठशीत आलंय. ११ जानेवारी, टेबलं जुळली नाहीत. २३ जानेवारी, पूल कापला. १ फेब्रुवारी, जुळलं. ३ फेब्रुवारी, शब्बीरने येऊन चूक सांगितली.

'चूक लक्षात आली' या ओळीसाठी दोन ठिकाणी जागा मोकळी ठेवलीय. २३च्या वर लिहायची की १च्या खाली, तेवढंच राहिलंय. ओळ 'पूल कापला'च्या वर गेली तर वि.ला एका वाचनात कळेल, कापायच्या आधीच मला ठाऊक होतं.

खाली त्याने हॉर्न वाजवला. मला न्यायला आलाय, स्वतः चालवत. नसीमने खिडकीतून त्याला सांगितलं, "या की वर, लिहायलेत अजून."

जिन्यावर पावलं वाजतायत.