व्हर्नाबाई आणि आवाजाचा नियम

तीर्थरूप आल्माआत्यास,

ऑर्व्हिलचा आदराने नमस्कार. तुझे गुडघे बरे असतील अशी आशा आहे. (मागच्या पत्रात "ठणठणीत" लिहिलं होतंस, तेव्हाच मला शंका आली.)

इथं सगळं बिनसलंय. दर हिवाळ्यात आमचं काउंटी मंडळ राज्याच्या विधिमंडळाकडे मागण्या पाठवतं, की अमुक नियम आमचे आम्हाला करू द्या. यंदा पहिलीच मागणी आवाजावर नियम करण्याच्या अधिकाराची. आता इथं पहाटे आवाज करतं कोण? माझी गाढवीण, डचेस. (ती ओरडते म्हणून कोल्हे माझ्या मेंढ्यांकडे फिरकत नाहीत, पण हे लक्षात कोण घेतो!) आणि मागणी कुणाची? मंडळावर निवडून आलेल्या शेजारच्या व्हर्ना लिंडक्विस्टबाईंची. त्याच आठवड्यात बाई ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्याची हॉटडिश घेऊन दारात हजर. "काय ऑर्व्हिल, डचेस काय म्हणतेय?" इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं! हॉटडिश मी खाल्ली, पण सावधपणे.

मग घरोघर फिरलो. "आज गाढव, उद्या तुमचा कुत्रा, परवा तुमचं घोरणं," असं सांगत (घोरणाऱ्यांच्या बायका तिथंच फुटल्या) जाहीर सुनावणीला सभागृह भरवलं. काय बोललो म्हणून सांगू! मागणी एका मताने पडली. एरवी ओळखही न दाखवणाऱ्या दगडखाणीच्या मॅनेजरने उठून माझा हात हातात घेतला. नेमका तेव्हाच मला संशय आला नाही.

बाहेर व्हर्नाबाई गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होत्या.

"शाब्बास! अहो, ती मागणी खाणीच्या सुरुंगांसाठी होती. खिडक्या तडकल्या म्हणून तुम्हीच बोंबलत आला होतात ना माझ्याकडे?"

"मग तसं लिहायचं होतं!"

"लिहिलं होतं. दुसऱ्या ओळीत."

आत्या, दुसरी ओळ वाचायची सवय आपल्या घराण्यात कुणाला आहे? आता सुरुंग रोज उडतात, आणि खिडक्यांना मी पुठ्ठे लावून बसलोय.

मोठ्यांना नमस्कार, लहानांवर लक्ष ठेव.

तुझा,
ऑर्व्हिल

ता. क. : मंडळात पडलेली ती मागणी आता विधिमंडळाच्या समितीपुढे जाऊन, एक नागरिक म्हणून मीच मांडायची, असं व्हर्नाबाईंचं फर्मान आहे. अधिवेशन संपेपर्यंत राजधानीत तुझ्याकडेच उतरेन म्हणतो. मेंढ्या बाई सांभाळणार आहेत. (इतक्या सहज का तयार झाल्या, यावर विचार चालू आहे.)

आणखी एक : सुरुंगांचा डचेसने धसका घेतलाय, तेव्हा तीही येईल. मागच्या अंगणात राहील बिचारी. शहरात गाढव चालतं का, हे मात्र कुणाला विचारू नकोस. विचारलं की नियम करतात.