दानपत्राची चौदा कलमं

१ ऑगस्ट २०२५, शुक्रवार. सकाळी ७.४०.
होकायंत्राची काच खोबरेल लावलेल्या कापसाने पुसत होतो, तेव्हा फोन आला. मुंबईच्या निधी देणाऱ्या संस्थेच्या ऋतिका मॅडम. २२ तारखेला आमचं वस्तुसंग्रहालय बघायला येणार. पसंत पडलं तर तीन वर्षांचा निधी आणि एक कायम पद. पदाचं नाव 'अभिरक्षक', म्हणजे क्युरेटर. वाचनालयाच्या मागच्या या दोन खोल्यांत मी एकटाच काम करतो, त्यामुळे निवडीचा प्रश्नच नाही. मॅडमना फक्त एक यादी हवी: कोणती वस्तू कोणी दिली, पुढे त्याची सही.
वस्तू मोजल्या. एकेचाळीस. पुन्हा मोजल्या. एकेचाळीस.
वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, गणपती होईपर्यंत वाट बघतो, नाहीतर तुझ्या काकाने नालासोपाऱ्याला सिक्युरिटीची नोकरी बघून ठेवलेलीच आहे; एफ.वाय. सोडलेला तिथे चालतो. अभिरक्षकाने असल्या विषयावर बोलू नये.

३ ऑगस्ट, रविवार.
संकल्प: यादी करायची नाही. यादी किराण्याची असते. प्रत्येक वस्तूचं रीतसर दानपत्र, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर. कलमं चौदा. नववं मला स्वतःला फार आवडलं: 'सदर वस्तूवर दात्याचा, त्याच्या वारसांचा व वारसांच्या वारसांचा कोणताही हक्क यापुढे राहणार नाही.' अकरावं: वस्तू कोणत्याही कारणास्तव उसनी मिळणार नाही. हे अत्यंत गरजेचं. लोक संग्रहालयाला घरचा माळा समजतात. लग्न निघालं की परात नेतात, शिरवाळ्यांचा, म्हणजे तांदळाच्या शेवयांचा, साचा नेतात. गंगुबाईंची वाडी तर दर गणपतीत पूजेच्या जेवणासाठी तांब्याचं मोठं तपेलं नेते आणि घासून लखलखीत करून परत आणते. घासल्याने वस्तूचा जुनेपणा जातो, हे यांना कोण सांगणार?
संग्रहालय चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष आप्पा म्हणाले, "अरे, वहीत सही घे, चहा पाज नि सोड. आपल्याकडे माणसाला स्टॅम्पपेपर दाखवलास की तो आधी भाऊबंद मोजतो." आप्पा बँकेतून रिटायर झाले, पण कागदाचं महत्त्व त्यांना कळलेलं नाही.
पहिल्या टप्प्यात बारा स्टॅम्प. मंडळ पैसे देणार नाही. वडिलांकडून सहा हजार घेतले. कारण सांगितलं, नोकरीच्या कागदपत्रांसाठी. यात खोटं काही नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार.
आरे-वारेच्या रस्त्याला, गंगुबाईंच्या घरी. त्या पडवीत अळूची पानं पुसत बसल्या होत्या. दानपत्र मोठ्याने वाचलं. आठव्या कलमापर्यंत मान डोलवत होत्या. नवव्याला हात थांबला. "बाबू, तपेला आमच्या मालकान ठेवलान तुमच्याकडं. घरात जागा नाय म्हणून. दिलान कधी?"
समजावलं की ठेवणं आणि देणं यांतला फरक मिटवण्यासाठीच हा कागद आहे. त्यावर म्हणाल्या, तपेलं सासऱ्यांचं, दिराचे तीन मुलगे मुंबईला आहेत, त्यांना विचारल्याशिवाय अंगठा नाय. "आणि पूजेला भात कशात शिजवू? तुज्या कागदात?"
मुद्दा गैरलागू. झेरॉक्स ठेवून आलो, म्हणजे कुटुंबाला अभ्यास करता येईल.

१० ऑगस्ट, रविवार.
झेरॉक्सचा फोटो त्यांच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला, तिथून इतर वाड्यांच्या ग्रुपवर. सकाळपासून अकरा फोन. जनजागृती समाधानकारक.
त्यांत एक गंगुबाईंचा मोठा पुतण्या रितेश. विचारत होता, तपेलं साधारण किती किलोचं. साधारण हा शब्द मला चालत नाही. थांबा म्हटलं, शेजारच्या दुकानातून काटा आणला, वजन करून कळवलं: ३१.४ किलो. तांबं चांगलं आहे का? उत्तम आहे. तो म्हणाला, "थँक्यू साहेब."
साहेब.

१४ ऑगस्ट, गुरुवार.
रितेश दोन भावांना आणि एका टेंपोला घेऊन हजर. म्हणाला, "वारसांचा हक्क यापुढे राहणार नाही असं लिहिलंत ना साहेब? म्हणजे आतापर्यंत होता." सहावं कलम दाखवलं: दान दिलेली वस्तू परत मागता येणार नाही. त्याने तेरावं दाखवलं: सही झाल्याशिवाय दानपत्र लागू नाही. तेरावंही माझंच.
नेलं. पण पोच घेतल्याशिवाय सोडलं नाही. दोन प्रती, तिघांच्या सह्या.

१८ ऑगस्ट, सोमवार.
एकेचाळीसच्या सतरा राहिल्या. होकायंत्र ते देणाऱ्या तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, नातवाने नेलं. साचा नेला. परात नेण्यावरून दोन जावा दारातच भांडल्या, मग एकीने परात आणि दुसरीने तिची सुटी कडी नेली. दहा वर्षं ज्या वस्तूंच्या मालकीची कोणी चौकशी केली नाही, त्यांच्यासाठी आता रांग. वारशाबद्दल आस्था निर्माण झाली, हे श्रेय कोणी देणार नाही.
रिकाम्या जागी कार्डं ठेवली: 'वस्तू तात्पुरती बाहेर आहे.' लॅमिनेट केलेली. फार प्रोफेशनल दिसतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार.
शेवटची वस्तू आप्पांचं स्वतःचं घिरट, भात भरडायचं, लाकडी. पुण्याहून त्यांच्या बहिणीचा फोन आला, त्यातला माझा भाग कुठे आहे म्हणून. आप्पांनी माझ्याकडे न बघता ते रिक्षात घातलं. पोच त्यांनी न मागता लिहून दिली. ते मला जास्त लागलं.
शिल्लक: शून्य. एक शिडी आहे, ती यादीत नव्हती. आज घेतली. क्रमांक ४२.

२२ ऑगस्ट, शुक्रवार.
मॅडम अकराला आल्या. एकेचाळीस कार्डं वाचली. मग दानपत्र. चौदाही कलमं पूर्ण वाचणाऱ्या त्या पहिल्याच. म्हणाल्या, "मी यादी मागितली होती." मग उसनवारीची जुनी वही मागितली. तपेलं नेलं, तपेलं आणलं, परात नेली, परात आणली. अशी पानंच्या पानं. मी शरमेने भराभर उलटत होतो. त्यांनी माझा हात थांबवला. निधी अशाच जागांसाठी आहे म्हणाल्या, जिथल्या वस्तू अजून गावाच्या वापरात असतात. "अशी वही आहे हे कळलं म्हणूनच मी मुंबईहून आले. यातलं काही बघायला मिळेल का?"
शिडी दाखवली.
निर्णय कळवणार आहेत. चहा घेतला, म्हणजे आशा आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार.
गंगुबाई आल्या. स्टँडपासून चालत. पायरीवर बसल्या. तपेलं रितेशने हातखंब्याला भंगारात विकलं. सातशेच्या दराने २१,९८० रुपये. चौघांत वाटणी, प्रत्येकी ५,४९५. गणित तपासलं, बरोबर आहे.
त्यांनी स्वतःचा वाटा पदराच्या गाठीतून काढून माझ्यासमोर ठेवला. "हे घे, नि माजा तपेला दे." म्हटलं, ते माझ्याकडे नाही. "वजन तूच केलंस ना रे? इतक्या वर्सांत कोणी केलान काय?"
पोच दाखवली. त्यांना वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवली. त्यांनी पाणी मागितलं, प्यायल्या, पैसे पुन्हा गाठीत बांधले आणि गेल्या. वाडीच्या पूजेला यंदा भात केटररकडून येणार आहे. त्या म्हणाल्या, माणशी एकशे वीस. निम्मी घरं नाही म्हणालीत.
त्यांचा सूर मला आवडला नाही. झालं त्यात नवव्या कलमाचा दोष नाही. सही केली असती तर तपेलं इथेच असतं. दिवसभर हेच स्वतःला सांगत होतो.

३ सप्टेंबर, बुधवार.
मॅडमचं पत्र. 'या टप्प्यावर विचार करता येत नाही.' 'या टप्प्यावर' हे शब्द अधोरेखित केले. आप्पांनी किल्ली मागून घेतली. दोन्ही खोल्या शिवणक्लासला दिल्या आहेत. उद्या दुपारच्या गाडीने नालासोपारा. सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर नीट ठेवलेलं नसणार. तिथे सुधारणेला वाव आहे.
खर्च: स्टॅम्प बारा, ६,०००. लॅमिनेशन एकेचाळीस कार्डं, ६१५. झेरॉक्स १८४. पेट्रोल ७४०. एकूण ७,५३९.
वापरलेले स्टॅम्प: एकही नाही.
येणं: मंडळाकडून दोन महिन्यांचं मानधन, १०,०००. आप्पा विषय बदलतात.
देणं: वडिलांना ६,०००. लॅमिनेशनवाल्याला ६१५.
गंगुबाईंना: निरंक. पोच फाइलला आहे.