तळाचे बोल्ट

३ मार्च

बोट आज पाण्याबाहेर काढली. ह्यांनी अंथरुणातूनच फर्मान सोडलं होतं — तळाचे बोल्ट बघून घे. म्हणजे मी! लग्न झाल्यापासून जिला सवत म्हणत आले, तिच्याच पोटात आज डोकं घालून बसले. बोटींचे मिस्त्री शेजारी उभे राहून हसू दाबत होते.

शिडाच्या बोटीला खालून शिशाचा जड कणा असतो. तो नसला तर वाऱ्याने ती आडवीच होईल. त्याला धरून ठेवतात ते हे बोल्ट. आतली फळी उचलली, तर नटांभोवती तांबूस ओघळ. नटांखालच्या लोखंडी पट्ट्यांचे पापुद्रे नखाने निघत होते.

५ मार्च

एकेका बोल्टवर हातोडी मारून आवाज फोनवर घेतला. ह्यांनी डोळे मिटून ऐकलं. नाकात ऑक्सिजनची नळी. खणखणीत, खणखणीत — मग एक ठप्प.

"परत लाव."

लावला.

"हा गेला," म्हणाले.

डॉक्टर माझ्याशी इतकं स्पष्ट कधी बोलत नाहीत.

६ मार्च

मिस्त्रींनी पाना लावला आणि तो बोल्ट गाजरासारखा मोडला. वरून धडधाकट, मध्ये काडीएवढा उरलेला.

९ मार्च

भांडलो. हे सगळेच बोल्ट बदलायचे म्हणतात. पट्ट्याही मोठ्या, चांगल्या पोलादाच्या. मी चिडून म्हटलं, "कोणासाठी? तुम्हाला जिनासुद्धा उतरवत नाही." बोलले आणि जीभ चावली.

ते बराच वेळ श्वास गोळा करत राहिले. मग म्हणाले, "नंतर तू विकशील ना. घेणारा बायकामुलांना बसवून नेईल. त्याला काय ठाऊक, खाली काय आहे?"

नंतर! हा शब्द आमच्या घरात आजवर कोणी काढला नव्हता. स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि रडले.

१८ मार्च

नवे बोल्ट बसले. नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे, ही ह्यांची ताकीद. शेवटचा मी आवळला. घरी आले तर हात काळेकुट्ट. धुवायला निघाले, तर ह्यांनी ते धरले आणि गालाला लावून ठेवले.

२६ मार्च

श्वास फार चढतोय. उद्या बोट पाण्यात सोडायची आहे. पुढे ढकलू म्हटलं, ऐकेनात. "तू जा. फळी उचलून बघ, पाणी येतंय का. आणि मला येऊन सांग." नणंद बसणार आहे त्यांच्यापाशी.

२७ मार्च

तळ कोरडा ठणठणीत. सांगायला धावतच जिना चढले. नणंद दारात उभी होती. तिने मला धरलं, आत जाऊ देईना.

मी गेले. शेजारी बसून सांगितलं, थेंबभरही नाही आलं हो. हात अजून कोमट होता.