तळहातावरच्या गोळ्या

बोरीवली, रविवार

प्रिय गंधाली,

बाबा बरे आहेत, मी बरी नाही. डोकं फिरलंय माझं. तुझ्या संस्थेच्या टीबी योजनेची पुस्तिका पोचली. कागद अगदी झकास. त्यातलं 'लोकसहभागातून सामाजिक नवोपक्रम' मी पाड्यावरच्या शेवंतीला वाचून दाखवलं, तर ती विचारते, "ताई, हे कुनाचं काम ओ?" तिचंच होतं.

आरेच्या पाड्यावर मी सव्वीस वर्षं आरोग्यसेविका होते. टीबीचे पेशंट बरं वाटलं की गोळ्या सोडायचे. मी घसा फोडून दमले. तोड काढली ती शेवंतीने. गोळ्यांचा डबा पेशंटच्या घरी ठेवायचाच नाही, शेजारणीच्या फळीवर ठेवायचा. सकाळी तिच्याकडे यायचं, अर्धी भाकरी खायची आणि तिच्यासमोर गोळ्या गिळायच्या. नाही आला, तर ती त्याच्या दारात जाऊन अख्ख्या पाड्याला ऐकू जाईल असा उद्धार करायची. खाल्लेल्या भाकरीची लाज असते गं माणसाला. एकाचाही कोर्स अर्धवट राहिला नाही.

तू सुट्टीत आलीस, सगळं लिहून नेलंस. मी केवढी मिरवले! आणि तुम्ही एसीत बसून नेमकी शेजारीणच काढून टाकलीत. तिचं काम मोजता येत नाही म्हणे. डबा घरी आला, रोज मोबाईलवर फोटो पाठवायचा. तबेल्यात काम करणारा धोंडिराम गोळ्या तळहातावर ठेवून फोटो काढायचा आणि शेणात टाकायचा. गोळ्यांनी त्याला मळमळायचं. तुमच्या पुस्तिकेत आमचा पाडा शंभर टक्के आहे. परवा तो गेला. अडतीस वर्षांचा होता.

सगळा राग तुझ्यावर नाही. आराखडा दाखवलास तेव्हाच माझ्या मनात चर्र झालं होतं. पण लेकीचं नाव होणार होतं. पाड्यावर एवढी तोंडाळ मी, घरात मूग गिळून बसले. स्वतःची शिसारी येते.

बुधवारी तुमच्या कार्यक्रमात माझा सत्कार आहे ना? मी येतेय. सोबत शेवंती आणि धोंडिरामची बायको प्रेमा. माईक हातात आला की मी तो प्रेमाला देणार आहे. तुझी नोकरी अडचणीत येईल, ठाऊक आहे मला. पाठीमागून वार नको, म्हणून आधी कळवते आहे.

तुझीच,
आई