आरशाला दिलेलं उत्तर

शहाणूबाई,

आज बेकरीत पहाटपाळी आहे, मी निघाले. जेवण झाकून ठेवलंय, खाल्ल्याशिवाय शाळेत जाऊ नकोस. बाबांना उठवू नकोस, त्यांची काल डबल पाळी झाली.

शाळेत तुमच्याकडून कॉलेजच्या मुलाखतीची तयारी करून घेतात, चांगलंच आहे. पण तू घरातही तशीच बोलायला लागलीस! काल विचारलं, ग्लास कुणी फोडला, तर म्हणे, "त्या अनुभवातून मी खूप शिकले." अगं, पण फोडला कुणी?

तेव्हाच वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. म्हणून तू आरशासमोर तयारी करत होतीस तेव्हा मी दाराआड उभी राहिले. हो, राहिले! तू म्हणालीस, "घरापासून लांब राहायची माझी पूर्ण तयारी आहे." तू तर कोपऱ्यावरच्या कॉलेजात जाणार ना? मग तिथे हे कोण विचारतंय? आणि माळ्यावरच्या मोठ्या बॅगेची धूळ काय आपोआप उडाली? बाबांना विचारलं, तर ते पेपरात तोंड खुपसून बसले. म्हणजे त्यांनाही ठाऊक आहे. आरशालाही ठाऊक. मीच तेवढी परकी.

बॅग खाली काढून ठेवलीय. चेन अडकत होती, तिला मेण लावलंय.

संध्याकाळी तुझी मुलाखत मी घेणार. प्रश्न एकच, कुठे जायचंय? पाठ केलेलं उत्तर नको. आणि बोलताना माझ्याकडे बघायचं.

आई