गिटारीला घोंगडीचा पट्टा

रविवार, ११ जुलै १९७१

खांद्यावर वळ उठलाय. करंगळीएवढा जाड, लालभडक. आरशात बघून घेतला आणि पदर वर ओढला. आईने पाहिला तर गिटार माळ्यावर जाईल, हे नक्की.

दोष गिटारीचा नाही, पट्ट्याचा आहे. गोरक्षदादाने पुण्यातून ही जुनी बास गिटार आणली तेव्हा तिला पट्टा नव्हताच. त्याने खाटेच्या निवारीचा तुकडा बांधला आणि वर्षभर खुशाल वाजवली. मग फौजेत गेला. जाताना म्हणाला, ‘‘मने, गंज चढू देऊ नकोस. आठवड्यातून एकदा छेडत जा.’’ मी रोज छेडली! शाळेत शिकवून आल्यावर, पाटाच्या कडेला बसून. चारच तारा, पण बोटांना घट्टे पडेपर्यंत.

जूनमध्ये त्याचं पत्र आलं की गिटार पडून राहू नये, नगरला बन्सीभाऊंकडे नेऊन दे. बन्सीभाऊंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे आणि दुकानामागच्या खोलीत त्यांचा ऑर्केस्ट्रा; दादा त्यातच वाजवायचा. द्यायला गेले — आणि देता देता वाजवूनही दाखवली. बन्सीभाऊंच्या हातातली कैची तशीच राहिली. गिटार माझ्याकडेच राहिली, आणि तेव्हापासून दर रविवारी घोडेगावहून एसटीने तालमीला.

आज मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं. ‘‘बाई, तालमीपुरत्या तुम्ही. गणपतीतल्या कार्यक्रमाला गोरक्ष रजेवर येतोय. जागा त्याची आहे.’’ मी ‘हो’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पण मला एकदा तरी त्या स्टेजवर उभं राहायचंय. घ्या, लिहून टाकलं.

बुधवार, १४ जुलै

दादाचं पत्र. अठ्ठावीस ऑगस्टच्या कार्यक्रमाआधी रजेवर येतोय. आई दिवसभर गुणगुणतेय.

माझ्यासाठी चार ओळी: ‘निवार वापरू नकोस, ती कापते. आमच्या रायफलची स्लिंग, म्हणजे खांद्याचा पट्टा, तीही तशीच अरुंद, खांद्यावर कायमचा वळ पडलाय. पट्टा रुंद बघ. आणि तिची काळजी घे.’ तिची म्हणजे गिटारीची. बहीण काय, आपोआप वाढते.

संध्याकाळी खंडोबाच्या देवळावरून येताना मनात आलं — रजा थोडी पुढे गेली तर? फार नाही. कार्यक्रमापुरती. लगेच जीभ चावली. पण मनात आलं ते आलंच.

रविवार, १८ जुलै

आठवडाभर पट्ट्यांचे प्रयोग. दादाचे दोन जुने कमरेचे पट्टे एकमेकांत अडकवले. बकलाने गिटारीच्या पाठीवर ओरखडा काढला! आप्पांचं उपरणं घडी करून बांधलं. पहिल्या गाण्यात त्याची दोरी झाली. निवारीखाली उशीचा अभ्रा ठेवला, तो बन्सीभाऊंच्या ॲकॉर्डियनवर जाऊन पडला.

खरी अडचण नायलॉनची साडी. तिच्यावर काहीच टिकत नाही. पट्टा घसरतो, गिटारीचं डोकं खाली जातं, डाव्या हाताने ते सावरायचं की सूर धरायचा? पुरुषांना खरबरीत शर्ट असतो, त्यांना काय कळणार! पाच सेफ्टी पिना लावून बघितल्या. तालमीनंतर साडीला पाच भोकं.

रविवार, २५ जुलै

आज हसून हसून पोट दुखलं.

बन्सीभाऊंनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचून एक यंत्र बनवलंय. बिस्किटाच्या डब्यात दोन ट्रान्झिस्टर आणि वायरींचं जंजाळ. डब्यावर ट्रकचा डिपर बसवलाय, ड्रायव्हर पायाने दाबतात तो. दाबला की गिटारीचा आवाज फाटतो, घोगरा होतो. त्याला फझ म्हणतात. मी पहिल्यांदा दाबला आणि खोलीत रेडकू शिरल्यासारखं वाटलं. तबलजीने खरंच दाराकडे बघितलं. मला तो आवाज इतका आवडला की काय सांगू! सभ्य बाईच्या अंगात अचानक कुणीतरी संचारावं तसा.

दुसऱ्यांदा दाबायला गेले तर साडीच्या निऱ्या डिपरमध्ये अडकल्या. मी मागे सरले, डबा माझ्यामागे आला, वायर ताणली, स्टूल पडलं. बन्सीभाऊ म्हणाले, ‘‘बाई, डबा राहू द्या. गोरक्षला पँट असते.’’

हसले खरी. पण ते शेवटचं वाक्य एसटीत डोक्यातून जाईना.

मंगळवार, २७ जुलै

रोज संध्याकाळी विटेवर पाय मारून डिपरचा सराव. आई विचारते, पायाला मुंग्या आल्या का गं?

रविवार, १ ऑगस्ट

गोजरआत्या राहायला आलीय. काल संध्याकाळी माझा विटेवरचा नाच बघत ओट्यावर बसली होती. तंबाखू मळत म्हणाली, ‘‘पाय असा चोरून का टाकती?’’

मी निऱ्यांचं सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. ‘‘आमी उसाला पानी देतो, सरीची दारं मोडतो, बांधावरनं उड्या मारतो. कधी कुनाच्या निऱ्या अडकल्या व्हय? काष्टा घाल की.’’

आमच्या वस्तीवर गोल साडी नेसणारी पहिली मी. केवढी मिरवले होते तेव्हा! आणि आज आत्याचं नऊवारी लुगडं नेसून, काष्टा मारून नगरला गेले. डब्यावर पाय टाकला — काही अडकलं नाही. पुन्हा टाकला. मागे, पुढे, मधल्या ओळीत, कुठेही! बन्सीभाऊंनी ॲकॉर्डियनवर तीच ओळ पुन्हा सुरू केली.

शुक्रवार, ६ ऑगस्ट

आप्पांनी वळ पाहिला.

पाण्याची कळशी उतरवताना पदर सरकला आणि ते समोरच उभे. मला वाटलं, संपलं आता. आप्पा गाण्याबिण्याच्या वाटेला न जाणारे. गिटार मी दादासाठी सांभाळते, बन्सीभाऊंना दाखवायला नेते, एवढंच त्यांना ठाऊक. जवळ आले, अंगठ्याने वळ दाबून पाहिला, बैलाचा पाहतात तसा. ‘‘कशानं हे?’’

मी सगळं सांगितलं. रविवार, तालीम, डबा, सगळं.

आप्पांनी कळशी बाजूला सरकवली. मग म्हणाले, ‘‘आन ती हिकडं.’’ मी गिटार आणली, तर त्यांनी ती स्वतःच्या गळ्यात घातली! डोक्याला फेटा, अंगात बंडी आणि पोटावर लाल बास गिटार. आई चुलीपुढून उठून बघायला आली. आप्पा तसेच अंगणात चार पावलं चालले, वाकले, सरळ झाले. ‘‘हिचं डोकं जड हाय. म्हनून वढती. आसा वळ उठला तर बैलाची चूक नसती, बांधनाऱ्याची आसती. ही निवार कुनी बांधली?’’

‘‘दादाने.’’

‘‘तरीच.’’

आज घोडेगावचा बाजार होता. दुपारी गेले ते दिवे लागायला परत आले. बैलाच्या गळपट्ट्याचं चार बोटं रुंद कातडं, आणि धनगराकडून घेतलेला काळ्या घोंगडीचा तुकडा. ‘‘लोकर घसरत न्हाई. आन कापतबी न्हाई,’’ म्हणाले. आत्ता ओसरीवर कंदिलाजवळ बसून दाभणाने शिवताहेत. मी दारातून बघतेय आणि त्यांना ते कळू देत नाहीये.

रविवार, ८ ऑगस्ट

पट्टा! काय सांगू! गिटार अंगावर आहे हेच विसरले. नायलॉन काय, लुगडं काय, घोंगडी जागची हलत नाही. डोकं खाली जात नाही. डावा हात अगदी मोकळा.

फक्त ॲम्प्लिफायरमध्ये मधूनच ‘कट्’ असा आवाज येऊ लागला. बन्सीभाऊंनी वाजवणं थांबवलं, ॲम्प्लिफायर उघडला, व्हॉल्व्ह काढले, पुसले, लावले. पुन्हा ‘कट्’. बिस्किटाचा डबा उघडला. वायर बदलली. दीड तास गेला, सगळे जमिनीवर, मी मध्ये उभी. मग तबलजी म्हणाला, बाई हलल्या की होतंय.

पट्ट्याच्या टोकाला काळ्या दोऱ्यात एक कवडी! आप्पांनी दृष्ट लागू नये म्हणून बांधलेली. घरातला कुठलाही नवा गळपट्टा कवडीशिवाय बैलाच्या गळ्यात जात नाही, मग माझ्या कसा जाईल? तीच गिटारीवर आपटत होती. बन्सीभाऊंनी कपाळावर हात मारला.

घरी येऊन कवडी आप्पांना परत दिली. वाईट वाटलं असेल, पण दाखवलं नाही. बंडीच्या खिशात ठेवली. ‘‘ऱ्हाऊ दे माझ्यापशी,’’ म्हणाले.

शनिवार, १४ ऑगस्ट

दादाची रजा पुढे गेली. आता दिवाळीत येणार.

पत्र वाचलं आणि मी गोठ्यामागे जाऊन नाचले. खरंच नाचले. मग आई डोळे पुसताना दिसली आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. खंडोबाच्या देवळापाशी मनात आलं होतं, ते मी इथे लिहिलंय, पान उलटून पाहिलं. कार्यक्रमापुरतीच मागितली होती देवा, दिवाळीपर्यंत नव्हती.

गुरुवार, १९ ऑगस्ट

उद्या पोळा. संध्याकाळी आप्पांनी बैलांचे खांदे मळले. हळद आणि लोणी, कोमट पाण्याने शेकून झाल्यावर, दोन्ही हातांनी, सावकाश. बैल डोळे मिटून उभे. त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं.

वाटीत थोडं उरलं. आप्पांनी ती आईच्या हातात दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘हिच्याबी खांद्याला लाव. वरीसभर वझं वढलंय.’’

आई लावत असताना मला रडू येत होतं आणि हसूही. अंगाला अजून लोण्याचा वास येतोय. एवढं सुख मला कधी झालं होतं, आठवत नाही.

रविवार, २९ ऑगस्ट

झाला! काल झाला कार्यक्रम!

लुगडं हिरवं, आईचं. काष्टा आत्याने मारून दिला, ‘‘आता भूकंप झाला तरी सुटायचा न्हाई’’ असं म्हणत. पडदा सरकला आणि पुढच्या रांगेतून हसण्याचा आवाज आला. नऊवारी नेसलेली बाई, गळ्यात गिटार, तिला बैलाचा पट्टा! कुणीतरी ओरडलंही, ‘‘औत कुठंय?’’ माझे कान तापले. मग पट्ट्याचा भार खांद्यावर सारखा बसलेला जाणवला आणि वाटलं, ही गिटार तर कुठे जात नाही, मग मी कशाला जाऊ?

तिसऱ्या गाण्यात डब्यावर पाय टाकला. घोगरा आवाज गल्लीतून पार चौकापर्यंत गेला असेल. हसणारे गप्प. आणि मग शिट्ट्या! तीन तास उभी होते. खांदा एकदाही दुखला नाही.

आप्पा येणार नाही म्हणाले होते. शेवटच्या गाण्याला दिसले, मंडपाच्या खांबाशी, घोंगडी पांघरून उभे. शेजारच्या अनोळखी माणसाला काहीतरी सांगत होते. नंतर तो माणूस मला येऊन म्हणाला, ‘‘तुमचा पट्टा त्या बाबांनी केलाय म्हणे. चार वेळा सांगितलं मला.’’

परतीच्या गाडीत आप्पा एवढंच बोलले. ‘‘एकदाबी घसरला न्हाई.’’

रविवार, १२ सप्टेंबर

बन्सीभाऊ म्हणतात, दिवाळीत गोरक्ष आला की अर्धी गाणी त्याची, अर्धी तुमची. मी म्हटलं, सगळी त्याला द्या, माझं समाधान झालंय. खोटं बोलले. पण पूर्वीइतकं खोटं नव्हतं ते.

दादाला लांबलचक पत्र टाकलं. काष्टा, कवडी, रेडकू, सगळं. वळ गेला हेही.

रविवार, १० ऑक्टोबर

दादाचं पत्र. दिवाळीला येत नाही. एकट्याची नाही, सगळ्यांचीच रजा रद्द झालीय. पुढे कुठे तरी हलवणार आहेत, कुठे ते लिहिता येत नाही म्हणे. ‘गिटार तूच वाजव, माझी वाट पाहू नकोस. पट्ट्याचं वाचून फार हसलो. तुझा वळ गेला, माझा आहे तसाच.’

जागा माझी झाली. मीच मागितली होती.

सोमवार, ११ ऑक्टोबर

पट्ट्याची घोंगडी उसवली. दादाच्या स्लिंगखाली बरोबर बसेल. आप्पांनी खिशातून कवडी काढली आणि लोकरीच्या आत शिवली, अजिबात वाजणार नाही अशी. उद्या पोस्टात टाकते. माझा खांदा आता दुखेल. दुखू दे.