ओठाने ओला केलेला दोरा

प्रिय आई,

दीड हजार वर्षांपूर्वीच्या ज्या लॅटिन कवीला कुणी विचारत नाही, त्याच्यापायी मी चार वर्षं खपतेय. त्याच्या एका ओळीत शिवणारी बाई दोरा ओठाला लावते. माझे मार्गदर्शक सर म्हणायचे, "'ओठ' ही हस्तलिखिताची नक्कल करणाऱ्याची चूक." तसं असेल तर माझा अर्धा प्रबंध पाण्यात. म्हणून परवा तुला फोनवर विचारलं, शिवताना सुईत दोरा कसा ओवतेस. तू म्हणालीस,

"ओठानेच ओला करायचा, अजून काय! गिऱ्हाइकांना मात्र सांगू नकोस, बाई."

आज सरांपुढे सुई-दोराच ठेवला. ओवताना दोनदा हुकल्यावर त्यांनी गुपचूप दोरा ओठाला लावला आणि हसले. "राहू दे ओळ."

तळटिपेत तुझं नाव छापणार आहे. रागावशील, म्हणून हे पत्र टाकवत नाही. पण आई, इतक्या वर्षांत त्या बिचाऱ्या कवीची बाजू घेणारी तू पहिलीच.

तुझी,
धाकटी